दूध, माझं नाक आणि आईची खीर

दूध आवडत नाही असं सांगितलं की आमच्याकडे समोरचा माणूस आधी हसतो आणि मग उलटतपासणी सुरू करतो. कारलं आवडत नाही म्हणा, कोणी काही विचारणार नाही. शेपू आवडत नाही म्हणा, चार लोक तुमच्या बाजूने बोलतील. दुधाचं तसं नाही.

"मंग दही चालते?"

चालतं.

"ताक?"

ताक मी तांब्याने पिते.

"तूप?"

गरम भाकरीवर पाहिजेच.

"अन् पेढा?"

पेढाही चालतो.

"मंग तो पेढा कायचा असते व माय, बेसनाचा?"

एवढं झालं की सगळे खटला जिंकल्यासारखे एकमेकांकडे बघतात. मी विज्ञानाची पदवीधर आहे. बुलडाण्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. दुधाचं दही कसं होतं ते दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. पण त्याच दुधाचं दही झालं की मला ते का चालतं आणि दही होण्याआधी का चालत नाही, हे मला आजवर कोणाला समजावता आलेलं नाही. एवढंच सांगता येतं की दुधाला वास येतो. ताज्या, चांगल्या, आत्ता काढलेल्या दुधालाही येतो. तो इतरांना येत नाही याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडे. वडील खामगावच्या धान्य बाजारात हमाली करायचे आणि आई निंदणाला, वेचणीला जायची. घरी जनावर नव्हतं, त्यामुळे दूधही नव्हतं, त्यामुळे मी सुखी होते. हे सुख पहिलीत संपलं. शाळेतल्या बाईंनी एकदा आईला रस्त्यात थांबवून सांगितलं की पोरगी हुशार आहे, हिला शिकवा. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण त्यांनी पुढचं एक वाक्य बोलायला हवं होतं, की दुधाचा आणि याचा काही संबंध नाही. ते त्या बोलल्या नाहीत. आईने घरी येईपर्यंत अर्थ लावला होता. त्याच संध्याकाळी शेजारच्या म्हैसवाल्या मावशीकडे आमची लोटी लागली.

ते दूध फक्त माझं होतं. आई आणि बाबा कोरा चहा प्यायचे. मी माझा पेला धरून त्यांच्या कोऱ्या चहाकडे हेव्याने बघत बसायची.

"पे," आई म्हणायची.

मी नाक धरायची.

"नाक सोड."

"नाक सोडलं तं वास येते."

"दुधाले वास नसते. नाक धरून पेतं तं ते दूध अंगी नाई लागत. सोड नाक."

आईने सगळे उपाय केले. हळद घालून पाहिली, गूळ घालून पाहिला, विलायची घातली, भाकरी कुस्करून दूधभाकर करून दिली. प्रत्येक वेळी दुधाचा वास तिथेच असायचा, फक्त सोबतीला आणखी एक वास यायचा. सायीबद्दल मी इथे काही लिहीत नाही. जेवायच्या वेळी कोणी वाचत असेल.

मला खायला आवडायचं ते सगळं असं होतं की ज्याच्यासाठी कोणी आग्रह करत नाही. शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुटका, वर कच्चा कांदा. ज्वारीच्या कण्या आणि ताक. अंबाडीची भाजी, तीही दुसऱ्या दिवशीची. कळण्याची भाकर, भरीत, आणि डोळ्यांतून पाणी आणणारा ठेचा. कुटक्यासाठी मी दोनदा ताट पुढे करायची तेव्हा आईला वाईट वाटायचं. तिला वाटायचं, पोरगी घरची परिस्थिती बघून असं म्हणते. परिस्थितीचा त्यात काही भाग नव्हता. आजही पगाराच्या दिवशी मी कुटका करून खाते.

आता मूळ गोष्टीकडे येते. एका उन्हाळ्यात, मी तिसरी-चौथीत असेन, आईने दूध माझ्यापुढे आणलं आणि मी ते तोंडाजवळ येण्याआधीच मान मागे घेतली. आई चिडली. नखरे म्हणाली, आणखी बरंच म्हणाली. मग "थांब, तापवून देतो" म्हणत तिने ते चुलीवर ठेवलं आणि पाहता पाहता दूध फाटलं. आईने एकदा भगोन्यात पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी बाबा आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "या पोरीचे दोन तोंडं हायेत."

बाबा घाबरले.

"तसं नाई हो. चांगलं दूध असलं की हे नाक वर करते. नासकं असलं की मान मांगं घेते. आज मी नीट पाह्यलं."

त्या दिवसापासून माझं काम ठरलं. उन्हाळा लागला की तापवायच्या आधी लोटी माझ्या नाकाखाली यायची. मी झोपेत असले तरी यायची. नाक वर गेलं की दूध चुलीवर जायचं आणि मग मला प्यावं लागायचं. मान मागे गेली की ते दूध बाहेर जायचं आणि मी सुटायची. असं असूनही मी चांगल्या दुधाला कधी मान मागे घेतली नाही. मोह होत होता, पण मान ऐकायची नाही. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

पुढे मी शिकायला खामगावला गेले, मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहिले. तिथे रोज सकाळी एक पेला दूध आणि एक उकडलेलं अंडं मिळायचं. माझ्या खोलीत बीबी गावाकडची एक मुलगी होती, तिला अंड्याचा तसाच तिटकारा होता जसा मला दुधाचा. पहिल्याच सकाळी आम्ही एकमेकींच्या ताटाकडे पाहिलं आणि न बोलता अदलाबदल केली. ती मैत्री अजून टिकून आहे. तिच्या उंचीत माझ्या दुधाचा वाटा आहे आणि माझ्या पदवीत तिच्या अंड्यांचा. वस्तीतली पहिली पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा आईने मात्र सगळ्यांना सांगितलं, "दुधावर वाढली." आईने कोरा चहा पिऊन आणलेलं दूध होतं ते. पोटात कोणाच्या गेलं हा पुढचा प्रश्न.

मला पगार सुरू झाल्यावर घरात दुधाचा चहा सुरू झाला. बाबांनी तो आनंदाने स्वीकारला. आईने कोराच ठेवला. सवय, म्हणाली.

यंदा वैशाखात तिचा फोन आला.

"यंदा खीर आपल्याकडं हाय," ती म्हणाली. आवाज असा की जणू मला पुन्हा पदवी मिळाली.

हे काय आहे ते सांगायला हवं. बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीत विहारापुढे गव्हाची खीर आणि पुऱ्या होतात. प्रत्येक घरातून लोटीभर दूध येतं. ज्यांच्याकडे जनावर आहे ते घरचं आणतात, नसेल ते विकत घेऊन आणतात, पण आणतात. ते सगळं दूध एकाच मोठ्या गंजात ओततात. मग कोणाचं घट्ट, कोणाचं पाणीदार, हे विचारायचं नाही. संध्याकाळी वंदना झाली की आधी वस्ती खाते, मग गाव, मग रस्त्याने जाणारा जो थांबेल तो. या खिरीचा पळा आजवर वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आजीच्या हातात असायचा. आई इतकी वर्षं गहू भिजवणाऱ्या, कांडणाऱ्या आणि शेवटी गंज घासणाऱ्या बायांमध्ये होती. यंदा आजीला दिसेनासं झालं. बैठकीत सगळ्यांना वाटलं ती अध्यक्षांच्या बायकोला पळा देईल. आजीने हात लांब केला आणि आईकडे दाखवला.

"तुले सुट्याच हायेत," आई म्हणाली. "दोन दिस आधी ये."

"मी येऊन काय करू? मी तं खीर खातच नाई."

"म्हणूनच ये."

अडचण अशी होती की हिवाळ्यात आईला साखर निघाली होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं. चालायला सांगितलेलं ती ऐकत नाही, गोळ्या वेळेवर घेत नाही, पण गोडाचं मात्र तिने असं मनावर घेतलं आहे की लग्नात जिलेबीकडे पाठ करून बसते. म्हणजे खिरीची मुख्य बाई तीच, आणि खिरीचा थेंब जिभेवर ठेवायचा नाही असं तिनेच ठरवलेलं.

"मंग चाखायले दुसऱ्या बाया नाई का?"

"बाया चमचा तोंडात जायच्या आधीच 'बेस झाली' म्हणतेत. तुह्ये बाबा तं वासावरच बेस म्हणतेत. मले खरं सांगणारं माणूस पाह्यजे. दुधाच्या बाबतीत तू कोणाची भीड नाई ठेवत."

फोनच्या मागून बाबांचा आवाज आला, "बेस होईन खीर."

"पाह्य," आई म्हणाली.

मी गेले. दोन दिवस गहू भिजवणं, कांडणं, पाखडणं चाललं. आई झोपेतही गूळ फोडत होती. गव्हाच्या खिरीत गूळ गरम दुधात पडला तर दूध फाटतं. खाली उतरवून, कोमट झाल्यावर घालायचा, हे वस्तीतल्या लहान मुलालाही माहीत आहे. पण आई ते मला दिवसातून अनेकदा सांगत होती, म्हणजे खरं तर स्वतःला सांगत होती. एकदा मी म्हटलं, "आई, एका वर्षी खीर थोडी बिघडली तरी लोक काही म्हणणार नाहीत."

"लोकं नाई म्हणत," ती म्हणाली. "पण मंग पुढच्या वर्षी मी परत गंज घासाले."

पौर्णिमेच्या सकाळी विहाराच्या बाजूला, कडुनिंबाखाली दगडांची चूल मांडली. ऊन आठ वाजताच डोक्यावर आलं होतं. गहू शिजायला पडले आणि दुधाच्या लोट्या यायला लागल्या. आईने मला गंजाच्या बाजूला उभं केलं. प्रत्येक लोटी आधी माझ्या नाकाखालून जाणार, मग मोठ्या भगोन्यात, तिथून तापायला. एका घरचं दूध फाटलं तर सगळ्या वस्तीचं फाटणार, म्हणून.

शिक्षिका झालेल्या बाईने रस्त्याच्या कडेला उभं राहून लोकांच्या दुधाचा वास घेणं हे दृश्य फारसं भारदस्त नव्हतं. थोड्याच वेळात पोरं गोळा झाली. माझं नाक वर गेलं की तीही नाकं वर करायची.

"अवं, हे तं पोलिसाचं कुत्रं असल्यासारखी वास घेऊन राह्यली," म्हैसवाली मावशी म्हणाली. तिच्या दुधाशी माझं नाक लहानपणापासून ओळखीचं. तिची लोटी मी नाक पूर्ण वर करून पास केली.

"माह्या दुधाले किती मार्क, मॅडम?" आणखी एकीने विचारलं.

"पास."

"नुसतं पास? पह्यला वर्ग नाई?"

असं हसतखेळत चाललं होतं. तेवढ्यात अध्यक्षांची बायको आली. अध्यक्ष म्हणजे आमच्या विहार समितीचे. मी त्यांच्या बायकोला काकू म्हणते. काकूंच्या हातात लोटी नव्हती. झाकणाची मोठी स्टीलची बरणी होती, आणि ती धरायला सोबत त्यांची सूनही होती. पळा मिळाला नाही तरी दूध सगळ्यांत जास्त आपलंच, हे त्या बरणीकडे पाहून कोणालाही कळलं असतं. इतकं दूध एका वेळचं नसतं. आदल्या संध्याकाळचंही त्यात असणार.

काकूंनी झाकण काढलं. मी वाकले.

माझी मान मागे गेली.

पोरांनीही माना मागे घेतल्या आणि मग त्यांना कळलं की हे नवीन आहे.

"काय झालं व?" काकूंनी विचारलं.

"काकू, हे थोडं... आंबायला लागलंय."

"आंबलं? आताच काढून आणलं!" त्यांनी स्वतः वास घेतला, सुनेला दिला, मावशीला दिला. बरणी हातोहात फिरली. कोणालाच काही वास आला नाही. मावशी, जिचं आयुष्य दुधात गेलं, तीसुद्धा म्हणाली, "मले तं चांगलं वाटून राह्यलं बापा."

"पाह्यलं?" काकू म्हणाल्या. "अन् हिले तं साऱ्याच दुधाचा वास येते. लहानपणापासून नाक मुरडते, साऱ्या वस्तीले माहीत हाय. आता हिच्या तोंडाकडं पाहून खीर करायची का आपण?"

मला मनातून हा मुद्दा अगदी बिनतोड वाटला. मग मी माझी सगळ्यांत मोठी चूक केली; शिकवायला लागले. उन्हाळ्यात दुधात जिवाणू वाढतात, त्यांनी आम्ल तयार होतं, वास यायच्या आधीच—

"जिवाणू आमच्या घरी नाई राह्यत," काकू म्हणाल्या. "आमचं घर टाइल्सचं हाय."

"थोडं बाजूला तापवून पाहू, म्हणजे कळेलच," मी म्हटलं.

हे म्हणायला नको होतं. काकूंचा चेहरा उतरला. आता त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. "साऱ्याइचं दूध सरळ गंजात," त्या हळू बोलल्या, "अन् माहं वेगळं तापवून पाहा लागते?"

आमच्या आजोबा-पणजोबांना गावात पाणी कसं मिळायचं हे वस्तीतल्या प्रत्येकाने घरी ऐकलेलं आहे. म्हणूनच तर हे सगळं दूध एका गंजात पडतं. तिथे एका घरचं भांडं हातात धरून परत करायचं, तेही सगळ्यांसमोर, हे इतर कुठे होईल, विहारापुढे होत नाही. काकूंचा स्वभाव कसाही असो, त्यांचं म्हणणं खरं होतं. आणि माझं नाकही खरं होतं.

सगळे आईकडे बघायला लागले. पळा तिच्या हातात होता.

आई माझ्याजवळ आली. एकदम हळू विचारलं, "कोणतं तोंड?"

"दुसरं."

"नक्की?"

मला एकदम भीती वाटली. इतकी वर्षं मी घराबाहेर. चहाच्या टपऱ्या, पिशवीचं दूध, शाळेच्या प्रयोगशाळेतले वास. नाक तेच राहिलं असेल कशावरून? "मान आपोआप गेली," एवढंच मी म्हणू शकले.

आईने बरणी उचलली. वास घेतला नाही. काकूंकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, "हे दूध मी खिरीत नाई टाकत."

सुनेने काकूंचा दंड धरला.

"खिरीत एवढ्या घरचं दूध पडलं, ते पुरते," आई बोलतच राहिली. "पण पुऱ्याइचं मी कवाची चिंता करून राह्यली. साऱ्या वस्तीच्या पुऱ्या. पाण्यात भिजवल्या तं सांजेपर्यंत चामड्यासारख्या होतेत. दुधात भिजवल्या की नरम राह्यतेत. पण तेवढं दूध आणू कुठून? एका घरून एवढं दूध आजलोक कोणं आणलं काय?" तिने बरणी वर धरून सगळ्यांना दाखवली. "यंदा साऱ्या पुऱ्या यांच्या घरच्या दुधाच्या."

काकूंनी दोन क्षण विचार केला. "साऱ्या?"

"साऱ्या. एकबी पाण्याची नाई."

"मंग मीठ मी सांगतो किती टाकायचं," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून परातीपाशी जाऊन बसल्या. पीठ मळताना दूध जरासं आंबट असलं तरी पुरीचं काही बिघडत नाही, उलट ती फुगते बरी. हे आईला माहीत होतं की तिने त्या क्षणी शोधलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

पण काकू काकूच. जाता जाता त्यांनी बरणीतलं तांब्याभर दूध बाजूला काढलं आणि मंडप बांधणाऱ्या माणसांच्या चहासाठी बाबांकडे दिलं. चहाचं काम बाबांकडे होतं. मी लांबून बघत होते. बाबांनी पाण्यात पत्ती टाकली, साखर टाकली, उकळी आली तसं दूध ओतलं, आणि मग बराच वेळ भगोन्यात बघत उभे राहिले. मी जवळ गेले. त्यांनी भगोनं माझ्या बाजूने जरासं कलतं केलं. आत दुधाचे गोळे वेगळे आणि पाणी वेगळं झालं होतं.

"चहा बेस झाला," बाबा म्हणाले. "फक्त जरा फाटला."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, भगोनं कडुनिंबाच्या मागे नेऊन रिकामं केलं, आणि मंडपवाल्यांना कोरा चहा दिला. कोणीतरी दूध कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "उन्हाळ्यात कोरा थंड असते."

"आईला सांगू?" मी विचारलं.

"काऊन? तिनं तं तुह्यं तोंड पाहून आधीच ठरवलं."

दुपार टळली. गहू मऊ झाला, दूध आटलं, गंज खाली उतरला. आईने तो कोमट होईपर्यंत कोणाला गुळाच्या परातीजवळ फिरकू दिलं नाही. गूळ पडला, विलायची पडली, खोबरं पडलं. तिने पळ्याने तळापासून ढवळलं आणि एक वाटी माझ्यापुढे धरली.

मी वाटीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. एवढ्या उन्हात दिवसभर चुलीपाशी उभी, आणि तोंडात सकाळपासून अर्धी भाकर. मी चमचा भरून तोंडात घातला.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचेही ओठ हलत होते. मी चावले तेव्हा तीही चावली.

"गोड?"

"बरोबर."

"गहू?"

"मऊ. कच्चा एकही दाणा नाही."

"करपट तं नाई लागत?"

"नाही."

"अन् काय?"

मी गिळलं. नाक आपोआप वर गेलं. "अन् दुधाचा वास येते."

आई हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "म्हणजे जमली," ती म्हणाली आणि पळा गंजात उभा करून खाली बसली.

वंदना झाल्यावर पहिली वाटी त्या म्हाताऱ्या आजीला दिली. आजीने सावकाश खाल्ली, वाटी बोटाने पुसली आणि पुन्हा पुढे केली. आईने ती काठोकाठ भरली. काकू पुऱ्यांच्या टोपलीपाशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "नरम हाय ना? आमच्या घरच्या दुधाची हाय." पुऱ्या खरंच नरम होत्या. मी चार खाल्ल्या, ठेच्यासोबत.

गंज रिकामा झाला. आई सवयीने घासायला बसली तर बायांनी तिला उठवलं. घरी आलो तेव्हा बाबांनी उरलेल्या चांगल्या दुधातला एक पेला गरम करून आईपुढे ठेवला. बिनसाखरेचा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, हाडांसाठी. ती रोज टाळत होती.

"आज तं पे," बाबा म्हणाले. "साऱ्याइनं खाल्लं, तूच उपाशी."

आईने पेला उचलला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आईला नुसतं दूध पिताना कधी पाहिलेलंच नाही. लोटी यायची ती माझी असायची, आणि तिचा चहा कोरा असायचा.

तिने पेला ओठाजवळ नेला आणि तिचं नाक वर गेलं. पहिलं तोंड. हुबेहूब.

"अवं," ती पेल्याकडे बघत म्हणाली, "याले तं खरंच वास येते व!"

"बेस हाय दूध," खाटेवरून बाबा म्हणाले.

आईने पदर घेऊन नाक दाबलं आणि पेला पुन्हा उचलला.

"नाक सोड," मी म्हटलं.